रिपेरियन: काठाचा हक्क की डागडुजीचा?

इंग्रजी कागद मराठीत करून देणं हा माझा जोडधंदा आहे. पानामागे पैसे ठरलेले असतात, त्यामुळे एका शब्दापाशी रेंगाळणं परवडत नाही. तरी मागच्या उन्हाळ्यात एका विशेषणाने मला दोन दिवस अडवून ठेवलं.

वाद भावकीतलाच. एका चुलतभावाचं वावर पांझरेला लागून, दुसऱ्याचं त्याच्या पाठीमागे. मागच्याने वीसेक वर्षांपूर्वी नदीत मोटर टाकली आणि पुढच्याच्या बांधावरून पाईपलाईन नेली. पाणी होतं तोवर कुणाला काही खटकलं नाही. मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि सगळ्यांना आपापले सातबारे आठवले. पाईपलाईन तोडली गेली, दावा लागला, आणि पुढच्या भावाच्या वकिलांनी इंग्रजीत म्हणणं दिलं की वादीची जमीन 'नॉन-रिपेरियन' असल्यामुळे नदीच्या पाण्यावर त्याला हक्क सांगताच येत नाही. त्याचं मराठी करून घ्यायला मागच्या वावराचे आबा माझ्यासमोर बाकावर बसले होते. मी ते वाक्य वाचून दाखवलं.

"हाई काय शे? मोटर रिपेर करानी गोट शे का?"

मला हसू आलं. म्हटलं, नाही आबा, नदीच्या काठाला लागून असलेल्या जमिनीला तसं म्हणतात.

"मंग काठनी म्हना ना सरळ."

इतकं सरळ असतं तर मी 'काठची' लिहून पुढच्या पानावर गेलो असतो.

लॅटिनमध्ये 'रिपा' म्हणजे नदीचा काठ. इंग्रजीतला 'रिव्हर' त्याच घरातला, आणि 'अराइव्ह'सुद्धा. त्याचा मूळ अर्थ काठाला लागणं. भुसावळच्या फलाटावर 'अरायव्हल' वाचणारा प्रवासी या हिशेबाने नकळत कुठल्या तरी नदीच्या काठाला लागत असतो. 'रायव्हल'चं मूळ वेगळं. 'रिव्हस' म्हणजे ओढा, आणि एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा तो रायव्हल. आपण त्याला भाऊबंद म्हणतो. आबांच्या 'रिपेर'चा यातल्या कुणाशीच नातेसंबंध नाही, तो शब्द दुसऱ्या कुळातला. उच्चार कुणी रिपेरियन करतं, कुणी रायपेरियन. दोन्ही चालतात.

शब्दाचा अर्थ कोशात मिळतो, वापर मात्र कान देऊन ऐकावा लागतो. साधा इंग्रजी बोलणारा माणूस नदीकाठच्या हॉटेलला 'रिव्हरसाइड' म्हणेल, 'रिपेरियन' म्हणणार नाही. तसं म्हटलं तर हॉटेलवाला नदीच्या पाण्यावर दावा सांगतोय असं ऐकणाऱ्याला वाटेल. हा शब्द बहुतेक दोनच जातींच्या माणसांच्या तोंडी असतो. एक, झाडाझुडपांचा अभ्यास करणारे. लव्हाळी, निरगुडी, करंज, उंबर असं जे नदीच्या ओलीवर जगतं आणि काठ धरून ठेवतं, त्या पट्ट्याला ते रिपेरियन म्हणतात. दुसरे वकील. वकिलाच्या तोंडी हा शब्द जागा सांगत नाही, हक्क सांगतो. शिवाय याला कमीजास्त नसतं. 'जरा रिपेरियन', 'फारच रिपेरियन' असं म्हणता येत नाही. जमिनीची हद्द काठाला शिवते किंवा शिवत नाही, मामला तिथेच मिटला.

आता मराठी बघा. वर्तमानपत्रं 'तटवर्ती राज्यं' लिहितात. 'तटीय' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोकण येतं. 'थडी' हा खणखणीत शब्द आहे, ऐलथडी आणि पैलथडी अजून बोलण्यात आहेत, पण थडीचा म्हणजे त्या बाजूला राहणारा, एवढंच. पूर ओसरल्यावर साठलेल्या गाळाच्या जमिनीला आपण मळई म्हणतो. पाणी उतरत जातं तसतशी उघडी पडणारी ओलसर जमीन पेरली की ती गाळपेर. काठाबद्दलचे आपले शब्द तिथे नदी काय करते आणि माणूस काय करतो ते सांगतात. मालक कोण, हे त्यांत कुठेच नाही. 'काठनी' लिहून वकिलांचं म्हणणं मराठीत का येत नव्हतं ते इथे माझ्या लक्षात आलं. काठची जमीन हे नुसतं वर्णन झालं. त्या वर्णनातून पाण्याचा हक्क निघतो, हे गृहीतक इंग्रजी शब्दाच्या पोटात बसलेलं आहे. ते मराठीत आपोआप येत नाही, लिहावं लागतं.

आणि लिहायला बसलं की प्रश्न पडतो, हे गृहीतक आपल्याला मान्य आहे का? माझं मत नाही असं आहे. खानदेशातल्या माणसाने पाण्याच्या भांडणात हे विशेषण जपून वापरावं, खरं तर वापरूच नये. ते आपल्या बाजूचं नाही.

आधी त्याच्या बाजूने जे बोलायचं ते बोलून घेतो. इंग्लंडात हे तत्त्व वाढलं त्याला कारण आहे. तिथे पाऊस बारमाही, नद्या छोट्या, शेताला पाणी द्यायची फारशी गरज नाही. भांडण व्हायचं ते पाणचक्कीवरून. वरच्याने पाणी अडवलं की खालच्याची चक्की बंद. म्हणून नियम असा झाला की काठावरच्या प्रत्येकाने पाणी बेताने वापरावं आणि खालच्याला ते जसं यायचं तसं येऊ द्यावं. आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सातव्या कलमाखाली उदाहरणं दिली आहेत, त्यांत हाच विचार दिसतो. जमिनीला लागून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी पिण्याला, घराला, गुरांना आणि त्या जमिनीच्या भिजवणीला घेता येतं, पण तशाच इतर मालकांचं नुकसान न करता. आणखी एका उदाहरणात म्हटलंय की पाणी येताना त्याचं प्रमाण, दिशा, जोर आणि तापमान यांत लक्षात येण्याजोगा बदल होता कामा नये. तापमानसुद्धा! कारखान्यातून काळं पाणी सोडणाऱ्यांना हे वाक्य फ्रेम करून द्यावं असं मला वाटतं.

गंमत अशी की त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात, नैसर्गिक प्रवाहातून वाहणारं पाणी साठवण्याचा आणि वाटण्याचा सरकारचा अधिकार राखून ठेवलेला आहे. पुढे १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाने नद्या, नाले, त्यांचे तळ आणि वाहतं-साठलेलं सगळं पाणी राज्य शासनाचं ठरवलं. म्हणजे पुढचा भाऊ ज्या काठाच्या जोरावर बोलतोय, त्या काठाखालचं पाणी त्याचं आधीपासूनच नाही. वकिलांना हे माहीत नसतं असं नाही. पण इंग्रजी विशेषणाचा दरारा असतो. समोरचा बिचकला तर काम झालं.

१८८२ साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने काठाचा हा नियम आपल्याकडे लागू नाही असं सांगून टाकलं. तिथला मुलूख कोरडा. लोकांनी एका ओढ्याचं पाणी चर खणून दुसऱ्या खोऱ्यातल्या शेतांना नेलं होतं. पुढे कोरडं साल आलं तेव्हा काठावरचे म्हणाले, तुमची जमीन नदीला लागत नाही, तुमचा चर आम्ही फोडतो. न्यायालयाने निकाल चर खणणाऱ्यांच्या बाजूने दिला, कारण ज्या प्रदेशात सिंचनाशिवाय पीकच येत नाही तिथे काठाचा नियम चालवला तर बाकी सगळी जमीन ओसाड राहील. त्यांनी त्याच्या जागी बसवलेला 'आधी आला त्याचा आधी हक्क' हा नियम मला फारसा पटत नाही, त्यातही दांडगाई आहेच. पण कोरड्या मुलखात काठ हे माप चालत नाही, हे त्यांनी ओळखलं.

आपल्या लोकांनी ते फार आधी ओळखलं होतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीनचारशे वर्षांपूर्वीपासून फड चालत आले. पिंपळनेरकडून धुळ्याकडे येताना पांझरेच्या काठाने चाललं की जुने बंधारे अजून दिसतात, काही धडके, काही खचलेले. ज्यांनी फड पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्याच्या एका अंगाने पाट काढायचा. त्या पाटाखाली भिजणारा सगळा पट्टा म्हणजे थळ. थळाचे तीन-चार भाग पाडायचे, ते फड. एका फडात एका साली सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. उसाचा फड असेल तर सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात ज्वारी-गहू असं. दरसाल पिकांची अदलाबदल. एकच पीक असल्याने पाणी एकाच वेळी, एकाच मापाने लागतं, त्यामुळे तंटे कमी. पाणी देण्याचं काम ज्याचं त्याने करायचं नाही. त्यासाठी पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला धान्यात. जास्तीचं पाणी सांडमातून पुन्हा नदीत.

आणि बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे कोरड सगळ्यांच्याच वाट्याला येते. एकाचं हिरवं आणि शेजाऱ्याचं करपलेलं, असं होत नाही.

या व्यवस्थेत 'रिपेरियन' शब्द ठेवून बघा, बसतच नाही. पाणी उताराने जातं. नदीला खेटून असलेलं पण पाटाच्या वरच्या अंगाला असलेलं वावर थळाबाहेर, त्याला पाण्याचा थेंब नाही. नदीपासून लांबवर, पाटाच्या शेपटाला असलेलं वावर मात्र थळात, त्याचा वाटा पक्का. तुमचा बांध काठाला शिवतो का हे तिथे कुणी विचारत नव्हतं. पाऊस सरला की बंधाऱ्याची डागडुजी करायला, पाटातला गाळ उपसायला तुमच्या घरचा माणूस येतो का, हे विचारत होते. जो राबतो तो फडकरी. आबांनी चुकून जे ऐकलं, रिपेर करण्याचा हक्क, ते इंग्रजी शब्दाचा अर्थ म्हणून साफ चूक आणि पांझरेच्या रिवाजाला धरून मात्र अगदी नेमकं होतं. मी हसलो ते उगाच.

फडाची आरती ओवाळायची नाहीये. ज्याला जमीनच नाही त्याला फडात मजुरीखेरीज काही नव्हतं. गाळ उपसायला कुणाचे हात जास्त लागायचे आणि पाळ्या ठरवायला पारावर कोण बसायचं, हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते विषय बदलतात. पुढे वर धरणं झाली, काठाकाठाने विहिरी आणि मोटरा आल्या, ज्याला जे पीक हवं ते तो घेऊ लागला आणि बरेच फड मोडले. आबांनी वीस वर्षांपूर्वी नदीत टाकलेली मोटर हीसुद्धा त्या मोडण्यातलीच एक. हे मी त्यांना बोललो नाही.

आता घरातलं भांडण सोडून सभांतल्या भाषणांकडे येतो. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. मधला मोठा पल्ला जळगाव, धुळे, नंदुरबारचा. उकाईचं धरण १९७२ मध्ये गुजरातेत झालं, आणि तेव्हापासून 'आमच्या काठाने वाहणारं पाणी आम्हाला नाही' हे वाक्य खानदेशात प्रत्येक पक्षाच्या व्यासपीठावरून ऐकू येतं. शिकलेला वक्ता असेल तर 'आपण रिपेरियन स्टेट आहोत' असंही म्हणतो, टाळ्या पडतात.

तोच वक्ता पुढच्या आठवड्यात चाळीसगाव नाहीतर भडगावला जातो आणि नार-पारचं पाणी गिरणेत आणण्याचं आश्वासन देतो. नार आणि पार या सुरगाणा-पेठकडच्या डोंगरांत उगम पावून पश्चिमेला गुजरातेकडे वाहणाऱ्या नद्या. त्यांचं पाणी उपसून, बोगद्यातून गिरणेच्या खोऱ्यात चणकापूरकडे वळवायचं, अशी ही योजना आहे. २०२४ मध्ये तिला राज्य सरकारची मंजुरी मिळाली. गिरणाकाठच्या शेतकऱ्यांची ती जुनी मागणी आहे आणि माझा तिला विरोध नाही. गिरणा धरण किती वर्षं पुरतं भरलं नाही ते आम्ही पाहिलंय. पण रिपेरियन या शब्दाच्या कसोटीवर गिरणेच्या माणसाचा नार-पारवर काडीचा हक्क नाही. त्याचा बांध त्या नद्यांना शिवत नाही, त्याचं खोरंही ते नाही. आबांना ज्या शब्दाने कोर्टात अडवलं, त्याच शब्दाने सुरगाण्याचा आदिवासी उद्या अख्ख्या गिरणा खोऱ्याला अडवू शकतो. काठ त्याचा, बुडणार तर त्याचं वावर. तापीला जाताना हे विशेषण खिशात आणि गिरणेला जाताना घरी, असं करता येत नाही. शब्द उसना घेतला की त्याच्या अटींसकट घ्यावा लागतो.

आपल्या मागणीला दुसरा आधार आहे, आणि तो फडाच्या रिवाजाच्या जवळचा आहे. गरज किती, सालभरात किती माणसं आणि गुरं त्यावर जगतात, आलेलं पाणी तुम्ही कसं वाटणार, वरच्याचं नुकसान कसं भरून देणार. हे प्रश्न अवघड आहेत, भाषणात बसत नाहीत. नार-पारचं पाणी बोगद्यातून आलंच, तर ते केळीच्या बागांना आधी जाणार की कोरडवाहू कापसाच्या गावांना? याचं उत्तर कुठल्याही व्यासपीठावरून मी ऐकलेलं नाही.

सातपुड्याच्या पलीकडे तर या विशेषणाचं वस्त्रहरणच झालंय. नर्मदा महाराष्ट्राच्या हद्दीने वाहते. ३५ किलोमीटर मध्य प्रदेशाच्या सीमेवरून, ३९ किलोमीटर गुजरातच्या. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके तिच्या काठावर. एवढ्यावर महाराष्ट्र 'रिपेरियन' राज्य ठरतं. राजस्थानच्या हद्दीला नर्मदा कुठेच शिवत नाही. तरी १९७४ च्या करारात नर्मदेच्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५ मिळालं, आणि १९७९ च्या लवादाच्या निवाड्याने ते कायम झालं. काठ नसलेल्याला काठ असलेल्याच्या दुप्पट. राजस्थानच्या वाळवंटाला पाणी मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, उलट काठ हे माप सोडून गरज हे माप धरलं गेलं याचं ते मोठं उदाहरण आहे.

सल वेगळा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली. पहिलं गाव मणिबेली. तिथला माणूस शब्दाच्या कुठल्याही अर्थाने काठावरचा होता. नदीत मासे, काठाला गाळपेर, गुरांना पाणी, वाटेला डोंगी. पण बहुतेकांच्या कसणुकीतली बरीचशी जमीन कागदावर जंगलखात्याची, म्हणजे ते 'मालक' नव्हते, अतिक्रमणदार होते. कायद्यातलं रिपेरियन हे विशेषण मालकाला लागतं, म्हणून त्यांना लागलं नाही. राज्याला लागलं. राज्य काठावरचं ठरलं आणि काठावरची माणसं तळोद्याकडच्या वसाहतींत जाऊन बसली, जिथे सुरुवातीला हातपंपाच्या पाण्यासाठी रांगा होत्या. त्यांच्या काठाच्या जोरावर राज्याने मिळवलेलं ०.२५, म्हणजे सुमारे १०.८९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात कसं आणायचं याची चर्चा अजून चालू आहे.

मला कुणी म्हणेल, एका शब्दावर एवढं कशाला? भाषांतरकाराचा तो रोगच आहे. पण लोकांचे हक्क कागदावर ठरतात आणि कागद शब्दांचे असतात. 'रिपेरियन'ला 'तटवर्ती' केलं की मराठी झालं असं समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे. संस्कृत शब्द बसवला की वाचणाऱ्याला प्रश्न विचारायची सोय उरत नाही, इंग्रजी शब्दाइतकाच तो गुळगुळीत. आबा 'रिपेरियन'ला निदान अडखळले, 'तटवर्ती' वाचलं असतं तर मान हलवून सही करून गेले असते.

शेवटी मी दोन दिवसांनी जे लिहिलं ते असं होतं: 'वादीच्या जमिनीचा बांध नदीच्या काठाला कुठेही लागत नाही, आणि ज्याचा बांध काठाला लागतो त्यालाच नदीच्या पाण्याचा हक्क असतो असे प्रतिवादीचे म्हणणे आहे, म्हणून वादीस असा हक्क नाही.' मूळ इंग्रजीतल्या एका ओळीच्या तीन झाल्या. आबांना वाचून दाखवलं. 'असे प्रतिवादीचे म्हणणे आहे' इथे त्यांनी मला थांबवलं.

"म्हने त्यानं म्हननं शे. कायदा नई?"

मी म्हटलं, ते कोर्ट ठरवील.

"मंग ठीक शे," असं म्हणून त्यांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं आणि कागद तीनदा घडी घालून त्यात ठेवला. दुसरी प्रत त्यांच्या वकिलांकडे गेली. आठवड्याने ती दुरुस्त होऊन परत टायपिंगला आली. वकिलांनी माझ्या तीनही ओळी खोडल्या होत्या आणि वर पेनाने एक शब्द लिहिला होता, देवनागरीत: नॉन-रिपेरियन.